लिव्हरवाली

नवघरला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "इंग्रजी वाचता येतं का? बोलता नाही आलं तरी चालेल. वाचता आलं पाहिजे."

त्याआधीच्या आठवड्यात आम्ही चार खोल्या पाहिल्या होत्या. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग जरा घुटमळून आणखी काहीबाही, आणि शेवटी कुणाचा तरी भाऊ गावाहून येणार असल्यामुळे खोली त्याला लागणार होती. आम्ही परभणीकडचे. बुद्धाची छोटी मूर्ती कपड्यांच्या बॅगेत सगळ्यांत वर ठेवलेली असायची, आणि खोली बघायला जाताना बॅग बंद करावी की उघडी ठेवावी यावर माझा आणि नवऱ्याचा दर वेळी वाद व्हायचा. त्यामुळे या माणसाचा प्रश्न ऐकून मी गोंधळले. मी एका क्लासमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते म्हणून सांगितलं.

"मग झालं," ते म्हणाले. "सामान कधी आणताय, टीचर?"

त्यांनी आडनाव पुढच्या सात वर्षांत विचारलं नाही. भाडेकराराच्या कागदावर ते होतंच, पण तो कागद त्यांनी वाचला असेल असं मला वाटत नाही. वाचायचं काम माझ्याकडे होतं.

घरमालक म्हणजे फार मोठी असामी नव्हे. महाड तालुक्यातल्या एका खेड्यातून ते अठराव्या वर्षी भाईंदरला आले, स्टीलची भांडी करणाऱ्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात लागले, आणि तीसेक वर्षांत नवघरला खाली दोन, वर दोन अशा चार खोल्या बांधल्या. खालच्या एकीत ते आणि काकू. मूलबाळ नव्हतं. उजव्या हाताची मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. भाईंदरच्या त्या भागात बोटं नसलेला माणूस दिसला की कुणी पुढचं विचारत नाही. कारखाना, पत्रा दाबणारं प्रेस मशीन, एवढं बघणारा मनातल्या मनात स्वतःच म्हणून घेतो. मीही तसंच म्हणून घेतलं. ते डाव्या हाताने लिहायचे, डाव्या हाताने कपबशी धरायचे, आणि जेवताना मात्र उजव्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी व्यवस्थित जेवायचे.

दुसऱ्या रविवारी दुपारी मला बोलावणं आलं. काकूंनी चहा ठेवला होता. काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे वाचा. हळू वाचा. एका ओळीचं मराठी केलं की थांबा, मी लिहून घेतो."

तो एका रायफलीचा लेख होता. अमेरिकेतल्या कुणीतरी लिहिलेला, पाच हजार शब्दांचा.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेन्सिलीला टोक करत होते.

चापाच्या खाली लोखंडाचं एक कडं असतं. ते बोटांनी खाली ढकलून वर ओढलं की आतलं रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. जुन्या इंग्रजी सिनेमांत घोड्यावरची माणसं चालवतात ती रायफल. तिला इंग्रजीत लिव्हर ॲक्शन म्हणतात; काका तिला 'लिव्हरवाली' म्हणायचे. आज जगात ती बनवणाऱ्या पाच-सहा कंपन्या आहेत, आणि त्यांतली कुठली घ्यावी हे काका ठरवत होते. आम्ही राहायला आलो तेव्हा त्यांना ठरवायला लागून चार वर्षं झाली होती.

वस्तू घेण्याची त्यांची पद्धत वेगळीच होती. सीलिंग फॅन घ्यायला त्यांना आठ महिने लागले. तेवढ्यात एक उन्हाळा येऊन गेला आणि काकू दुपारच्या आमच्या खोलीत येऊन झोपायच्या. मिक्सरच्या वेळी त्यांनी ओळीतल्या सगळ्यांच्या घरी जाऊन कुणाचा मिक्सर किती वर्षं चालला, कधी जळला, जळण्याच्या आधी कसला वास आला, याची चौकशी केली. कुणी हसलं तर रागवायचे नाहीत. "आपण वस्तू घेतो असं लोकांना वाटतं," ते म्हणायचे. "आपण तिच्याबरोबर राहायला जात असतो."

रायफलींचा तक्ता जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूंवर होता. पानं डिंकाने जोडत नेली होती, त्यामुळे तो उलगडला की पलंगावरून खाली लोंबायचा. कंपन्यांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून प्रत्येकीला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. सगळ्यांत जुन्या घराण्याची ती थोरली. थोरलीवर शिक्का अमेरिकेचा असला तरी ती हल्ली जपानात बनते, हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'नाव सासरचं, हात माहेरचा. हात चांगला.' एकीचा मधला भाग सोन्यासारखा चमकतो, ती पितळी. पितळीत गोळ्या नळीच्या तोंडाकडून भरायला लागायच्या, मग काही वर्षांनी कंपनीने बाजूनेही भरायची सोय केली. त्या दिवशी काका इतके खूश झाले की जणू त्यांनीच पत्र लिहून मागणी केली होती. तिसरी बाजूवाली, कारण तिचं रिकामं काडतूस वर न उडता बाजूला पडतं. चौथी ब्राझीलची.

"ब्राझीलची खरखरते म्हणतो ना तो?"

"हो. पण वापरून वापरून मऊ होते असंही म्हणतो."

"म्हणजे शेवटचं पॉलिश गिऱ्हाइकाकडून करून घेतात," काका म्हणाले. आयुष्यभर पॉलिश केलेला माणूस तो. त्यांनी ब्राझीलसमोर फुली मारली. मग रबराने ती खोडली. "तिथले कामगार पण पीसरेटवर असतील. घाई करावी लागत असेल."

किंमत हा रकाना तक्त्यात नव्हता. कारागीर हा मात्र होता. बाजूवालीचा कारखाना एकदा विकला गेला आणि दुसऱ्या गावी हलवला, असं एका लेखात आलं. काकांनी मला तो परिच्छेद तीनदा वाचायला लावला. जुन्या माणसांचं काय झालं, ती नव्या गावी गेली का, हे त्यांना हवं होतं. लेखात ते नव्हतं. "तेच लिहीत नाहीत," ते म्हणाले. "मशीन हलवता येतं. तीस वर्षं तेच काम केलेला हात कसा हलवणार?" कारखाना पुढे पुन्हा विकला गेला, नव्या मालकांनी चांगलं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी बाजूवालीला तक्त्यात परत घेतलं. मधली दोन वर्षं तिच्यावर आडवी रेघ होती.

हे सगळं कशासाठी, ते मला हळूहळू कळत गेलं. गावाकडे त्यांचे थोरले भाऊ होते, अण्णा. भाताची आणि नाचणीची शेती अजून अण्णा आणि वहिनी करत होते, आणि रानडुकरं ती शेती खात होती. वडिलांच्या नावावर पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना होता. वडील गेल्यावर तो मुलांपैकी कुणाच्या तरी नावावर व्हायला हवा होता. अण्णा शेतात राहणारे, म्हणजे खरं तर त्यांच्याच नावावर. पण अण्णांनी सही करायला साफ नकार दिला, आणि बऱ्याच खेट्यांनंतर तो काकांच्या नावावर झाला. वडिलांची जुनी ठासणीची बंदूक केव्हाच पोलीस ठाण्यात जमा होऊन गंजून गेली होती. म्हणजे परवाना होता आणि बंदूक नव्हती.

अण्णांचा फोन आला की काका तो स्पीकरवर ठेवायचे.

"अरे, कुठलीपण आण. मारायचं थोडंच हाय? आवाज झाला म्हणजे झालं. पळतात ती."

"बघतोय, अण्णा."

"किती वर्षं बघतोस?"

"चाललंय. घाई केली की हात जातो."

त्यावर अण्णा विषय बदलून पावसापाण्याचं काहीतरी विचारायचे.

डाव्या हाताच्या माणसाला लिव्हरवालीच का बरी, हे त्यांनी मला लाटणं घेऊन समजावलं होतं. साध्या रायफलीत काडतूस आत सरकवणारा खटका उजव्या बाजूला असतो, आणि तो ओढायला उजव्या हाताला बोटं लागतात. लिव्हरवालीला डावंउजवं नसतं. ज्या हाताने चाप ओढायचा त्याच हाताने कडं ढकलायचं. ते ऐकून मला त्या सगळ्या खटाटोपातलं तर्कशास्त्र पटलं. एवढंच की, दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी वाचताना माझ्या लक्षात आलं, या नव्या रायफली आपल्याकडे आणताच येत नाहीत. सामान्य माणसाला बाहेरून मागवायची परवानगी नाही. मी घाबरत घाबरत ते सांगितलं.

"माहीत आहे," काका म्हणाले.

"मग?"

"कायदे बदलतात, टीचर. उद्या बदलला आणि त्या दिवशी मी तयार नसलो तर?"

वाड्यावस्त्यांच्या मधूनमधून उंच टॉवर उभे राहिलेल्या आमच्या नवघरात कुठलीच गोष्ट गुप्त राहत नाही. बाजूच्या खोलीतल्या गुजराती भाभींनी भिंतीपलीकडून वर्षभर "लिव्हर", "लिव्हर चांगली नाही", "लिव्हरला गंज धरतो" असं ऐकलं आणि एक दिवस काकूंना भुईआवळ्याचा रस आणून दिला. रोज सकाळी उपाशीपोटी द्यायचा. काकूंनी तो मुकाट्याने घेतला. "मी कुठे समजावत बसू," त्या मला म्हणाल्या. "आजार आहे म्हटलं तर लोक सहानुभूती तरी देतात." काकांनी तो रस महिनाभर प्यायला. चौकशी केल्याशिवाय वस्तू घरात घेतली, एवढीच त्यांची तक्रार होती.

पोलीस आले ती गोष्ट चौथ्या वर्षाची. कड्यात आपली बोटं नीट बसतात की नाही हे कागदावरून कळेना, म्हणून काकांनी प्लायवूडची रायफल बनवली. प्रत्येक कंपनीच्या मापाचं वेगळं कडं, बदलता येईल असं. लाकूडकामाला पॉलिश तर असं, की दुरून कुणालाही खरी वाटावी. आणि दुरून ती दिसलीच. रविवारी सकाळी ते गच्चीवर तिचा दस्ता खांद्याला लावून माप घेत होते, समोरच्या टॉवरमधल्या कुणीतरी फोन केला, आणि वीस मिनिटांत एक हवालदार आणि एक शिपाई जिना चढून वर आले. मी कपडे वाळत घालत होते.

"खाली ठेवा ती आधी," हवालदार म्हणाले. वयस्क, साताऱ्याकडचे होते.

काकांनी ठेवली. शिपायाने ती उचलली आणि वजनावरूनच त्याचा चेहरा पडला. "साहेब, लाकूड आहे."

"कशाला बनवलीत?"

"माप घ्यायला. घ्यायची आहे ना."

"परवाना?"

काका खाली जाऊन परवाना घेऊन आले, आणि सोबत तक्ताही. हवालदारांनी परवाना दोन मिनिटं पाहिला. तक्ता मात्र पाऊण तास. काकूंनी चहा वर पाठवला. हवालदारांच्या गावीही डुकरं होती. हरभरा राखून राखून तेही कंटाळले होते. शेवटी दोघं टाकीच्या सावलीत उकिडवे बसून नळीतून भरलेली बरी की बाजूने, यावर बोलत राहिले आणि शिपाई माझ्याकडे बघून हसू दाबत उभा राहिला.

जाताना हवालदार म्हणाले, "हे मोडून टाका, काका. उद्या दुसरा कोणी येईल, तो चहा पिणारा नसेल. आणि एक सांगू? माझा बाप म्हणायचा, ज्याला डुक्कर हाकलायचंय तो डबा वाजवतो."

काका हसले नाहीत. त्या दुपारी त्यांनी करवतीने रायफलीचे तुकडे केले. मी त्यांना प्रथमच इतकं उदास पाहिलं. हवालदार आपल्याला वेडा समजले याचं त्यांना वाईट वाटलं असेल, असा माझा समज झाला. आता वाटतं, शेवटचं वाक्य लागलं असावं.

सहाव्या वर्षी, भात पिवळं पडायच्या दिवसांत, सकाळी वहिनींचा फोन आला. अण्णा पहाटे बांधावर गेले होते. डुक्कर भातातून सरळ अंगावर आलं. मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. शेजारच्या वाडीतली माणसं धावली म्हणून रक्त थांबवता आलं.

काकूंनी पिशवी भरली, रिक्षा मी आणली. निघताना काकांनी एकदा घरात वळून पाहिलं. तक्ता नेहमीच्या जागी, कपाटावर गुंडाळून ठेवलेला होता. "दहा वर्षं," ते म्हणाले, आणि रिक्षात बसले.

टाके घातल्यावर, ताप उतरल्यावर त्यांनी अण्णांना भाईंदरला आणलं. महिनाभर अण्णा खालच्या खोलीत होते. वहिनी गुरांसाठी गावीच राहिल्या. काका अण्णांचं सगळं स्वतः करायचे. अंघोळ घालायचे, जखमेची पट्टी बदलायचे, तीन बोटांच्या हाताने इतक्या सफाईने बदलायचे की नर्सने बघत राहावं. दोघं भाऊ एकमेकांशी फार कमी बोलत. बंदुकीचा विषय तर निघालाच नाही. त्या महिन्यात रविवारचं वाचनही बंद होतं.

एके दिवशी काका औषधं आणायला गेले होते आणि काकू देवळात. मी अण्णांना चहा द्यायला गेले, तर त्यांनी पलंगावर तक्ता उलगडलेला. चष्मा नाकावर, बोट एकेका ओळीवर.

"हे सगळं तुम्ही वाचून दिलंत?"

"वाचलं मी. लिहिलं काकांनी."

"हा रकाना कसला?"

शेवटच्या रकान्यावर नुसतं 'अ' लिहिलेलं होतं. त्याखाली प्रत्येक रायफलीसमोर एक खूण, बरोबर किंवा चूक. तो मी अनेकदा पाहिला होता. अचूकपणाचा असावा असं समजून कधी विचारलं नव्हतं. तसं मी सांगितलं.

अण्णांनी चष्मा काढला. "तो मी," ते म्हणाले. "माझ्या हातात द्यायची का न्हाय, ते हाय हे."

मग त्यांनी सांगितलं. अगदी शांतपणे, मधे मधे चहा पीत. ते सतरा वर्षांचे होते, काका तेराचे. वडील बाजाराला गेलेले आणि डुकरं दिवसाढवळ्या नाचणीत शिरलेली. अण्णांनी बंदूक उतरवली. ठासणीच्या बंदुकीत दारू नळीतून घालून गजाने ठासायची असते, आणि किती घालायची ते वडिलांनी दाखवलेलं होतं. अण्णांनी आवाज मोठा व्हावा म्हणून दुप्पट घातली. धरायला बंदूक धाकट्याच्या हातात दिली, कारण त्याला हौस होती. नळी फुटली.

"कारखान्यात न्हाय गेली बोटं. माझ्या हातून गेली. बाबा आल्यावर हा म्हणाला, मीच भरली, मीच उडवली. मला बोलायला दिलंच न्हाय. हा बरा झाल्यावर बाबांनी त्याला मारलं, ते पण त्याने खाल्लं. मी दाराआड उभा." त्यांनी तक्त्याच्या घड्या घालायला सुरुवात केली, आणि त्या नीट बसेनात. "मी फोनवर म्हणायचो, कुठलीपण आण. त्याला कसं वाटत असेल ते ऐकून."

काका परत आले तेव्हा अण्णांनी त्यांना पिशवी खाली ठेवूदेखील दिली नाही. "टीचरना सांगितलं मी," ते म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. गोळ्यांची पाकिटं एकेक करून फळीवर लावली.

"प्रेसमध्ये गेली बोटं," ते म्हणाले. "अण्णाचं वय झालंय, टीचर. काहीपण बोलतो."

त्यानंतर चारच दिवसांनी त्यांनी मला विचारलं, उद्या सुट्टी आहे का. मुंबईत एका बंदुकीच्या दुकानात जायचं होतं. परवानाधारक दुकान, तीन पिढ्यांचं. इंग्रजी लागलं तर असावं म्हणून मी.

दुकानदार एक पारशी गृहस्थ होते, ऐंशीच्या घरातले. काकांनी लिव्हरवाली म्हणताच ते आत गेले आणि हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. कुणा शिकारी माणसाची, तो गेल्यावर घरच्यांनी विकायला ठेवलेली. थोरलीच होती ती, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ती हातात घेतली. दुकानदाराने आत काही नाही हे दाखवून दिल्यावर त्यांनी डाव्या हाताची बोटं कड्यात घातली आणि ते खाली ढकललं. दोन भाग एकमेकांवरून सरकल्याचा मऊ आवाज झाला. पुन्हा वर. त्यांनी डोळे मिटले होते. असं त्यांनी दहा-बारा वेळा केलं असेल. मग नळीवरून अंगठा फिरवला, पॉलिश बघतात तसा, उजेडात तिरपी धरून.

"हाताने केलंय," ते मला म्हणाले. "बघा, कुठे कड नाही."

"लो ना, काका," दुकानदार म्हणाले. "तुमच्यासारखा हात लावणारा मानूस कोन येते आता."

"काडतूस?"

दुकानदारांनी मान हलवली. "हेचा कारतूस बंद झाला. मिळेल, नाय मिळेल. घरमां शोभा म्हणून ठेवा."

काकांनी ती आणखी थोडा वेळ धरली. मग कापडावर ठेवली आणि कापड स्वतःच गुंडाळलं. "दुसरी दाखवा. साधी."

साधी म्हणजे एकनळी, मधून मोडून उघडणारी, आपल्याकडेच बनलेली. काकांनी ती उघडली, मिटली. तिला डावंउजवं नव्हतंच. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नळी फुटते का ही?"

"टेस्ट करून येते. कारखान्यात डबल दारूचा बार काढते आधी, मग शिक्का मारते."

"आणि इथे कुणी चुकून जास्त भरली तर?"

म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. त्याने खणातून एक काडतूस काढून काउंटरवर उभं केलं. "बंद येते ना बाबा. एमां तुम्ही काय भरनार? घातला, उडवला. कोनी पन उडवेल."

काका त्या लाल काडतुसाकडे बघत राहिले. हे त्यांना नवीन नव्हतं. काडतुसांवरचे लेख मी त्यांना वर्षानुवर्षं वाचून दाखवले होते. पण त्यांनी ते उचललं, बोटांत फिरवलं, बंद तोंडावर नख लावून पाहिलं.

"कोणीपण," ते म्हणाले. "बस. ही द्या."

पंधरा मिनिटांत झालं. कागदपत्रांना पुढे काही दिवस लागले ते वेगळे.

पुढच्या पावसाळ्याआधी काका आणि काकू गावी राहायला गेले. खोल्यांकडे बघायचं काम आमच्याकडे आलं. अण्णांचा पाय आखडला होता, बांधावर त्यांना आता एकट्याने जाता येणार नव्हतं, आणि काकांनी कारखाना सोडून पाच वर्षं झालीच होती. जाताना तक्ता त्यांनी नेला नाही, मलाही दिला नाही. काय केला ते मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. भात कापणीला आलेलं होतं. सकाळचा चहा झाल्यावर काका म्हणाले, चला, शेत दाखवतो. खांद्यावर बंदूक, खिशात काडतुसं. अण्णा काठी टेकत आमच्या मागून आले. पावसाळ्यापासून रोज असंच चालायचं, वहिनींनी सांगितलं होतं: बार काकांनी काढायचा आणि अण्णांनी दहा पावलं मागे उभं राहायचं. कितीही बोलावलं तरी ते पुढे येत नसत.

खालच्या कोपऱ्यात भाताची लोंबं हलत होती, वारा नसताना. काकांनी आम्हाला हाताने थांबवलं. बंदूक मोडून उघडली आणि तशीच उघडी धरून मागे वळले.

"अण्णा, इकडे ये."

"तू काढ की."

"माझा हात दुखतोय. तू भर."

काकांचा हात दुखत नव्हता. आम्हाला ते कळत होतं, अण्णांनाही. ते काठीवर भार देऊन तसेच उभे राहिले. काकांनी परत हाक मारली नाही. उघडी बंदूक एका हातावर तोलून, दुसऱ्या तळहातावर काडतूस ठेवून ते नुसते वाट बघत राहिले. वस्तू घ्यायला आठ आठ महिने लावणारा माणूस. वाट बघायची त्यांना सवय होती.

शेवटी अण्णा आले. एकेक पाऊल टाकत, पाय ओढत. काडतूस घेऊन ते आत बसवायला गेले, तर ते दोनदा काठाला लागून निसटलं. तिसऱ्यांदा आत बसलं. त्यांनी अंगठ्याने ते दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग नळी वर ढकलून बंदूक मिटली, आणि मिटल्यावरही हात काढला नाही.

"नीट बसलं?" काकांनी विचारलं.

"बसलं."

"सोड मग."

काकांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली, तोंड आभाळाकडे केलं आणि चाप ओढला. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. भातातून दोन काळ्या पाठी ओढ्याच्या दिशेने गेल्या, झाडांवरचे बगळे उठले. अण्णांनी डुकरांकडे पाहिलंच नाही. ते धाकट्या भावाच्या हातांकडे बघत होते, आधी डाव्या, मग उजव्या. धूर विरेपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी काठी बगलेत धरली आणि हात पुढे केला.

"आणखी एक दे," ते म्हणाले.